हँडल विसरलेला स्टँड

"ताई, तुझ्या दारात असा सायकल-स्टँड करून देतो, की लोक नुसती सायकल लावायला येतील! पुस्तकं मग ओघानं आलीच!"

इमारतींचे नकाशे काढणारा नकाशेवाला हे बोलला तेव्हा त्याच्या थोरल्या बहिणीनं कपाळावर हात मारला. ती ग्रंथालय सांभाळायची. दारात सायकली अशा आडव्यातिडव्या पडायच्या, की आत शिरायला कसरत करावी लागे. लोक घाईनं पुस्तक बदलून पसार! वाचायला कुणी टेकत नसे, म्हणून वाचनकक्षाला टाळं लावायचं घाटत होतं.

नकाशेवाल्याचा विचार चोख होता. घटकाभरासाठी आलेला माणूस सायकल लांब लावणारच नाही. स्टँड दाराशीच हवा, खिडकीतून दिसायला हवा, चाक आणि सांगाडा एकाच कुलपात अडकायला हवेत. एवढं ठरवून तो झाडाखाली बसला आणि त्याची तंद्री लागली. पानांतून ऊन ठिबकत होतं. डोळ्यांपुढे लोखंडी कमानी तरळू लागल्या, वीणेच्या तारांसारख्या जवळजवळ! त्यानं त्या तशाच कागदावर उतरवल्या.

"साहेब, दाटी होतेय," वेल्डर म्हणाला.

"अहो, सायकलचं चाक ते केवढं? दोन बोटं जाड!"

"चाकाचं खरं, पण..."

"तुम्ही बसवा हो!"

कमानी बसल्या. दुपारी लोकांनी कौतुकानं सायकली आत रेटल्या. परत निघताना पहिल्यानं आपली ओढली, तर शेजारच्या चार सायकली सोबत निघाल्या!

"अहो, माझा ब्रेक सोडा!"

"तुमचा ब्रेक माझ्या टोपलीत घुसलाय!"

"कुणाचं पेडल हे? माझ्या चाकात काय करतंय?"

सायकलला हँडल असतं, हे नकाशेवाला साफ विसरला होता! त्यानं लगेच वेल्डरला निरोप धाडला, पण तो दूरच्या कामावर अडकलेला. सायकल अडकलेल्यांत एक दातांचे डॉक्टरही होते; ते दवाखान्यात फोन लावून कळवळत होते, "काय? पेशंट पळाला?"

"आत बसा तोवर," ताई म्हणाली.

मंडळी कुरकुरत आत गेली. पंखा संथ फिरत होता. खिडकीतल्या पडद्याची सावली पुस्तकांवरून पाण्यासारखी हलत होती. हळूहळू कुरकुर विरली, पानं उलटण्याची सळसळ तेवढी उरली. कुणी समुद्रावर गेलं, कुणी जंगलात. नकाशेवाला दारात उभा राहून बघतच राहिला. ताईनं पदरानं डोळे टिपले.

संध्याकाळी वेल्डरनं एकाआड एक कमान कापली. "सुटल्या हो सायकली!" त्यानं आरोळी ठोकली. अर्धे लोक जागचे हललेच नाहीत!

"जरा थांबा, प्रकरण संपू दे," कुणीतरी डोकं वर न काढता म्हणालं.

डॉक्टर तेवढे लगबगीनं बाहेर आले. नकाशेवाल्यानं हात जोडले. "डॉक्टर, माफ करा. त्या कमानी आता भंगारात..."

"भंगारात? वेडे आहात का!" डॉक्टरांनी त्याचा दंड धरला. "माझ्या दवाखान्यासमोर बसवा. अगदी अश्शाच दाट! मशीनचा आवाज ऐकला की सगळे पेशंट सायकलीवर टांग टाकून पळतात हो!"