दहा नंबरचा बावटा

"आज अण्णांची बोलती बंद करतो की नाही बघच!" असं बायकोला ठणकावून अंदाजराव सकाळी घराबाहेर पडले, तेव्हा आभाळात औषधालाही ढग नव्हता.

अंदाजराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते बंदरावरच्या हवामान कचेरीतले अधिकारी, आणि हे नाव त्यांच्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, लग्नानंतर आठवड्याच्या आत ठेवलेलं! अण्णांनी जन्मभर फेरीबोट चालवली. आता ते रोज सकाळी छोट्या होडीतून गळ टाकायला जात आणि संध्याकाळी येऊन जावयाच्या खात्याची सालटी काढत. "तुमच्या खात्यापेक्षा माझा गुडघा बरा! दुखला की पाऊस. आणि पगार मागत नाही!"

आज मात्र खात्याला दीडशे वर्षं पुरी होत होती. कचेरीत प्रदर्शन होतं आणि संध्याकाळी उद्घाटनाला दस्तुरखुद्द अण्णा येणार होते. एका जुन्या वादळात या बंदरातल्या निम्म्या होड्या परतल्याच नाहीत, कारण ते येतंय हे सांगणारं कोणी नव्हतं. म्हणून तर हे खातं निघालं, तारेनं बंदराबंदराला खबर जाऊ लागली आणि धक्क्याधक्क्यावर बावट्याचा खांब उभा राहिला. हे सगळं अंदाजरावांनी तक्त्यांवर रंगवून लिहिलं होतं. पण तक्ते वाचतो कोण? काहीतरी डोळ्यांत भरणारं हवं!

त्यांना माळ्यावरचे जुने बावटे आठवले. धोक्याचे काळे शंकू आणि नळकांडी.

"चढवा खांबावर!"

शिपाई चाचरला. "साहेब, खऱ्या खांबावर?"

"मग काय कपड्यांच्या दोरीवर? अहो, आता इशारे फोनवर जातात. खांबाकडे कावळ्यांशिवाय बघतं कोण?"

"बरं. कितवा नंबर चढवू?"

एक नंबर अगदीच मरतुकडा दिसत होता. तीन जरा बरा. दहा मात्र काय रुबाबदार! दहा म्हणजे महाभयंकर वादळ. दहा चढला.

कावळ्यांनी पाहिला की नाही कोण जाणे, पण समोरच्या चहावाल्यानं पाहिला. त्यानं उकळता चहा तसाच ओतून दिला आणि फळकुटं लावली. ते बघून शेजारच्या जाळीवाल्यानं शटर ओढलं. बघता बघता धक्का ओस पडला, शाळा सुटली आणि समुद्रावरच्या होड्या एकजात माघारी वळल्या!

"काढा! काढा तो!" अंदाजराव ओरडले. बावटा वरच्या कप्पीत अडकून बसला होता. त्यांनी स्वतः हिसडा दिला. दोर तुटून हातात आला, बावटा वरच!

मग ते कर्णा घेऊन धक्क्यावर धावले. "वादळ नाही! फोन बघा, फोनवर इशारा आलाय का?"

"येईल कसा? वादळानं टॉवर पाडला असेल!" एक मासेवाली पाटी डोक्यावर घेऊन पळता पळता म्हणाली.

बंदराच्या चिंचोळ्या तोंडाशी होड्यांची हीऽ गर्दी! एक दुसरीवर आदळत होती, कुणाचं वल्हं मोडलं, कुणी पाण्यात पडता पडता वाचलं. अंदाजरावांच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात बायको धापा टाकत आली.

"अहो, सगळे आले, अण्णा नाही आले!"

"घाबरू नकोस. वादळबिदळ काही नाही."

"मग अण्णा कुठायत?"

अण्णांची होडी ती एवढीशी. त्या गर्दीत एखाद्या मोठ्या होडीचा धक्का लागला असेल तर? बंदराची मोटरबोट समोरच होती, पण तिचा चालक जागचा हलेना.

"दहा नंबरात जाऊ? मला बायकापोरं आहेत साहेब!"

"अहो, तो शोभेचा आहे!"

चालकानं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि मुकाट्यानं इंजिन सुरू केलं.

समुद्र तळ्यासारखा शांत होता. दोन फेऱ्या झाल्या. पाण्यावर एक टोपी तरंगताना दिसली. अण्णांची! अंदाजरावांना रडूच फुटलं. चालकानं बोट हळूहळू बंदरासमोरच्या बेटामागच्या खाडीत घातली.

तिथे होडी होती! चार दोरांनी झाडांना जखडलेली, दोन नांगर टाकलेले. ताडपत्रीखालून अण्णांचं डोकं बाहेर आलं.

"कोण, अंदाजराव? मरायचंय का या वादळात?"

"अण्णा! घरी का नाही आलात?"

"त्या गर्दीत चिरडायला? दहा नंबर बघितला आणि सरळ आडोसा गाठला. घाईत टोपी पाण्यात पडली तरी थांबलो नाही."

"पण तुमचा तर खात्यावर विश्वासच नाही!"

"बोलायचं वेगळं," अण्णा हलक्या आवाजात म्हणाले. "माझे वडील तरुणपणी हाच बावटा बघून अर्ध्या वाटेतून परत फिरले होते. नाहीतर मी कुठला? खांबाशी कुणी वाद घालतं का?" मग त्यांनी आभाळाकडे पाहिलं. "पण वादळ कुठाय?"

'वादळ दुसरीकडे वळलं' हे शब्द अंदाजरावांच्या अगदी ओठांवर आले होते. पण मग अंदाज चुकला म्हणून जन्मभर बोलणी खाणार कोण? खातं! ज्यानं अण्णांच्या वडिलांना घरी आणलं, ते.

"अण्णा, खात्याचा अंदाज आज स्वच्छ उन्हाचाच होता. बावटा मी लावला. शोभेला."

चालक उगाचच इंजिनात डोकं घालून बसला.

"म्हणजे खातं बरोबर आणि जावई चूक?"

"हो."

"मग हा अंदाज माझा फार जुना आहे!" अण्णा शांतपणे दोर सोडू लागले. "मुलीच्या लग्नातच वर्तवला होता. पण तेव्हा कोणी परत फिरलं नाही!"