पुलाच्या चोवीस अंगुळांची हकीकत

श्रीगणेशास वंदन, शारदेस वंदन, आणि गवंड्याच्या ओळंब्यास वंदन, की त्यावाचून कोणतेही राज्य सरळ उभे राहत नाही. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, चैत्र वद्य पंचमी. ते समयीं एका राज्यात नदीवर थोर पुलाचा घाट घातला होता. पूर्वतीरापासून सरकारने बांधीत यावे आणि पश्चिमतीरापासून मक्तेदाराने बांधीत यावे आणि मध्यावर उभयतांनी मिळावे, ऐसा भागीदारीचा करार जाहला होता. सात वर्षे काम झपाट्याने चालिले, आणि मग बारा हात अंतर राहिले असता थांबले, ते दोन वर्षे थांबलेच. दर सोमवारी बैठक होई, आणि "काम समाधानकारक" ऐसा कागद हुजुरांकडे रवाना होई.

त्या राज्याच्या विद्यापीठात सगुणाबाई आठल्ये या आचार्या होत्या. थोर बांधकामे आणि भागीदारीचे करार कोठे अडतात, याचा शोध त्यांनी नऊ वर्षे चालविला होता. दरबारी लोक मागून हसत, "बाईंनी जन्मात वीट रचली नाही, आणि पुलांवर ग्रंथ लिहितात!" ते बाईंच्या कानी येई आणि मनास लागे. दिवाणांनी तर यंदा विद्यापीठातील त्यांचे अध्ययनपीठच मोडावे ऐसा मनसुबा केला होता. मग बाईंनी सोमवारचे कागद मागवून वाचिले. एकशे चार कागद, आणि एकाही कागदात एकही अडचण नाही! बाई चमकल्या, आणि तडक पुलावर गेल्या, आणि पाहतात तो सरकारचे टोक मक्तेदाराच्या टोकाहून हातभर, म्हणजे चोवीस अंगुळे, उंच! उभयतांनी आपापल्या तीरावरील दगडापासून उंची मोजिली होती, आणि दुसऱ्याचा दगड कोणता हे पुसणे कमीपणाचे मानिले होते. मक्तेदाराचे मुकादम हसनमियां तेथेच उभे होते. बाईंनी पुसिले, "मियां, हे काय?" मुकादम आभाळाकडे पाहत म्हणाले, "कुठं काय बाईसाहेब? मला चाळिशी लागलीय, काही दिसत नाही." सरकारचे अभियंते तुळाजीराव इंगवले यांस पुसिले, तर ते म्हणाले, "ऊन फार आहे हो, डोळे दिपतात." बाईंनी त्याच उन्हात बसकण मारिली आणि कराराचे बाड उघडिले, आणि त्रेसष्टाव्या कलमावर बोट थबकले. 'जो कोणी दोष प्रथम निदर्शनास आणील, त्यानेच तो निस्तरावा.' बाईंनी आनंदाने टाळी पिटली. नऊ वर्षे ज्यासाठी डोळे फोडिले, ते एका ओळीत बसले होते!

मग दरबार भरला, आणि बाईंनी ते कलम काढण्याची विनंती केली. दिवाण म्हणाले, "काम पुरे होईतो करारास हात लावता येत नाही. हे चौसष्टावे कलम." सभा खो-खो हसली. परंतु बाई उभ्या राहिल्या आणि खणखणीत बोलिल्या, "तर मग लिहून घ्या. पूल चोवीस अंगुळं चुकला आहे. दोष मी निदर्शनास आणते आहे!" दिवाण हर्षले. "मग निस्तरा. दसऱ्यापर्यंत पूल जुळला नाही तर पीठ बंद." बाईंनी "कबूल" म्हटले, आणि त्या बाहेर आल्या.

तों हसनमियां धापा टाकीत आले. "बाईसाहेब, दोष आता तुमच्या नावावर ना? मग ऐका! खांबांच्या डोक्यावरच्या बैठका बदलल्या की आमची बाजू बारा अंगुळं उचलता येते. दोन वर्षं पोटात घेऊन फिरतोय!" मागोमाग तुळाजीराव आले. "आणि आमची बारा उतरवता येते. नकाशा कधीचा काढून ठेवलाय, कपाटात आहे." बाई म्हणाल्या, "अहो, मग दाखवला का नाही?" तुळाजीराव खाली पाहत म्हणाले, "दाखवला असता तर निस्तरावं लागलं असतं." बाईंस हसू आवरेना. मग रोज सकाळी तिघे पुलाखाली एका नावेत बसू लागले, आणि बाईंनी शिरस्ता घातला, की आधी अडचण सांगावी आणि मग चहा घ्यावा. पहिल्या दिवशी अकरा अडचणी निघाल्या आणि चहा पार निवला. परंतु अडचण निघाली की तोड निघे, आणि काम ऐसे धावू लागले की दोन्ही तीरांवर लोक रोज बघावयास जमू लागले.

आश्विन शुद्ध नवमीस यारीने, म्हणजे ओझी उचलण्याच्या यंत्राने, पुलाचा शेवटचा गाळा उचलून जागी ठेविला. हजारो लोकांनी श्वास रोखिला. हसनमियां पालथे निजले आणि सांध्यात बोट घालू लागले, आणि एकदम ओरडले, "बोट जात नाही, बाईसाहेब! बोट जात नाही!" काय तो जल्लोष! तुळाजीरावांनी पगडी उडविली ती नदीत गेली. बाई तेथेच बसून ओक्साबोक्शी रडल्या, आणि लाजल्या नाहीत. महाराजांची स्वारी पुलावरून पार गेली, मर्जी खुश जाहली, आणि पीठ कायम राखून दवंडी दिली, की इतःपर दोष सांगणारास तो निस्तरणे माफ.

दुसऱ्या सकाळी बाईंच्या दारी राज्यातील यच्चयावत अभियंते रांग धरून उभे. पहिलाच हळूच म्हणाला, "बाई, आमच्या धरणाला दरवाजे बसवायचे राहिलेत." बाईंनी पदर खोचला आणि त्यास आत घेतले.

येणेप्रमाणे जाहले ते लिहिले. पूल जुळला, पीठ राहिले, ग्रंथ मात्र अपुरा आहे, कारण रांग अद्याप सरली नाही.