बिनडोळ्याचा मोर

सकाळी मागावरून उतरलेल्या अकरा चादरींवरचे सगळे मोर बिनडोळ्याचे निघाले, तेव्हा प्रभुलिंगाने मागाकडे पाहिलेसुद्धा नाही. थेट वडिलांना, तिप्पण्णांना म्हणाला, "आप्पा, उद्यापासनं घरी बसायचं. ठरलं होतं की."

ठरले होते खरे. मोतीबिंदू काढल्यापासून करारच होता: आणखी एक चूक झाली, की तिप्पण्णांनी मागाजवळची खुर्ची सोडायची. त्यात मागाच्या संगणकाच्या पडद्यावर बोटाने नक्षी सुधारायचा त्यांना भारी नाद. चाळीस वर्षे सुतावर हळुवार फिरलेला त्यांचा अंगठा पडद्यावर मात्र एका दमात चार चौकटी झाकायचा.

मोहोळहून माग बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर अजिंक्य आला. त्याने पेनड्राइव्हमधली मूळ नक्षी मागाच्या मेमरीशी ताडून पाहिली.

"एकच टिपका गेलाय. एकाचा शून्य झालाय. पडद्यावरनं कुणी बदल केल्याची नोंद न्हाय. वीज ठीक, वायरी ठीक. मग उरतं एकच. अवकाशातनं बारीक कण सारखे येत असत्यात. एखादा चिपला लागला, की असं होतंय कधीमधी."

"अवकाशातनं? नेमकं आमच्याच कारखान्यात?" प्रभुलिंग म्हणाला. "वर पत्रा हाय की."

"त्याला पत्र्याचं काय? भिंतीतनंबी जातंय ते."

चहा घेऊन आलेल्या रत्नम्मा लेकाकडे वळल्या. "चांदण्यांनी केलेलं बापाच्या नावावर घालत होतास व्हय रे?"

 प्रभुलिंगाने फडक्याने खुर्ची पुसली आणि वडिलांपुढे सरकवली.

फाटकाशी तिप्पण्णांनी अजिंक्यच्या हातात एक बिनडोळ्याची चादर ठेवली. "लई उपकार झाले, साहेब. पण खरं सांगतो, कालच त्या डोळ्यावर मी अंगठा दाबला होता. जरा मोठा करावा म्हटलं."

"ठाऊक हाय, काका. शेंगाचटणीचा ठसा मीच पुसला. पण कंपनीनं सहा महिन्यांपासनं त्या पडद्याला कुलूप घातलंय. तुमच्या अंगठ्यानं काय हुतंय?"

"मग सहा महिने मी नक्ष्या सुधारल्या, त्या?"

"हुत्या तशाच हायत."

 भर उन्हात डोळे बारीक करून तिप्पण्णांनी आभाळाला हात जोडले.

"तेवढं कुलपाचं प्रभुलिंगला सांगू नका," म्हणाले, आणि खुर्चीवर जाऊन बसले.