उंचीवरचं झाकण

माझ्या मुलाचं वागणं मला मुळीच पसंत नाही. रोज चहाआधी तो पोटच्या पोरीला, ठमीला, दाराच्या चौकटीला टेकवून उभं करतो, आणि कालच्यापेक्षा वाढली नाही म्हणून तिच्यावर डोळे वटारतो. पोर धडधाकट आहे. ताटातलं चाटूनपुसून खाते, दिवसभर उड्या मारते.

हे खूळ शिरलं शेजारणीच्या नातीमुळे. तिचे टॉन्सिल सदा सुजलेले. घास गिळताना रडायची. ते काढले, पोर नीट जेवायला लागली, फ्रॉक आखूड पडू लागले. जेवण कुणी पाहिलं नाही, फ्रॉक सगळ्यांनी पाहिले. टॉन्सिल म्हणजे उंचीवर ठेवलेलं झाकण, असं गल्लीने एकमताने ठरवलं.

आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "ठमीचे टॉन्सिल उत्तम आहेत. काही तक्रार नाही."

"तक्रार नाही तोवरच काढून टाकू," मुलगा म्हणाला.

डॉक्टरांनी त्याला बाहेरची वाट दाखवली. मग त्याने ठमीला घेऊन मोठ्या हॉस्पिटलातला 'उंची संवर्धन विभाग' गाठला. मीही मागोमाग गेले. तिथे आईबाप आपापली पोरं पाठीला पाठ लावून मापत बसले होते. एकीच्या मुलाचे टॉन्सिल मागेच काढलेले, उंची होती तेवढीच. ती नर्सला विचारत होती, "आता आणखी काय काढता येईल हो?"

"अपेंडिक्स बघू," नर्स गंभीरपणे म्हणाली.

सर्जनच्या गळ्यात शिंप्याची टेप होती. त्याने ठमीचा घसा पाहिला. "अरे वा, दिसतसुद्धा नाहीत! लपलेले टॉन्सिलच उंची जास्त दाबतात."

ठमीने माझा हात आवळला. "आजी, खूप दुखेल?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर्जन मुलाकडे वळला. "विभागाच्या नियमाप्रमाणे आधी वडिलांचे काढावे लागतील. मुळाशीच अडथळा असेल तर फांदी वाढणार कशी?"

नर्सने माझ्या मुलाच्या मापाचा ऑपरेशनचा गाऊन पुढे केला.

मुलगा पांढराफटक पडला. "माझे? अहो, माझे ठणठणीत आहेत! चांगला अवयव कुणी उगाच कापतं का? आणि उंचीत असं काय ठेवलंय, डॉक्टर?"

त्याने ठमीला कडेवर घेतलं आणि धडाधड जिना उतरला. फाटकाशी थांबून वॉचमनला सांगू लागला, "एवढ्याशा पोरीच्या गळ्याला सुरी लावायची? माझं मन धजेना."

तो बिचारा वॉचमन डोळे पुसणार होता. मी म्हटलं, "अरे, तू पळालास तो स्वतःचा गळा वाचवायला, त्यात पोरीचा वाचला. त्याला बापाची माया म्हणत गावभर मिरवू नकोस."