डावीकडचं पदक

"यंदा कुणी मला 'बाई, पदकं चुकीच्या बाजूला लावलीत' म्हणालं ना, तर त्याला उभा सोलून काढीन!" अँझॅक दिनाच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या सैनिकांच्या स्मरणदिनाच्या, सकाळी ब्रॉनविननं घरात जाहीर करून टाकलं.

ब्रॉनविन पास्को फौजेत कॉर्पोरल. ट्रक दुरुस्त करण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही. टाउन्सव्हिलमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की स्वतःची पदकं डाव्या छातीवर लावायची आणि मेलेल्या आजोबा-पणजोबांची उजव्या. पण रजेवरची बाई साध्या कोटात दिसली, की लोक धरूनच चालतात, पदकं आजोबांची! गेल्या वर्षी तर एकानं तिच्या नवऱ्याचा हात धरून देशसेवेबद्दल आभार मानले. कॉलम दातांचा डॉक्टर आहे!

पदकं पुसायचा मान सहा वर्षांच्या एडीचा. आईची पदकं म्हणजे तिचा जीव की प्राण. आज तिनं पुसायला अंमळ जास्तच वेळ घेतला. मग घाईघाईत ब्रॉनविननं तो क्रीम रंगाचा कोट तसाच अंगावर चढवला.

रस्त्यावर पाय ठेवतात न ठेवतात, तोच सॉसेज विकणाऱ्या म्हातारीनं हटकलं. "अगं, आजोबांची उजवीकडं लावतात हो!"

"आजोबा मेंढ्या कातरायचे, मावशी! ही माझी आहेत!"

झालं, डोकं तापलं. ऊनही तापलं. थोड्या वेळानं एकानं तिच्या छातीकडं बोट केलं. "ताई, ते डाव्या बाजूला..."

"डाव्याच बाजूला राहणार!"

एक बाई रुमाल पुढं करत आली. "अहो, तुमच्या कोटावर..."

"माझा कोट, माझी पदकं! तुम्ही आपला रुमाल सांभाळा!"

शेवटी काठी टेकत म्हातारे मर्व्ह आले. त्यांची स्वतःची छाती पदकांनी गच्च भरलेली.

"काका, आता तुम्हीसुद्धा?"

"पोरी, पदकं तुझीच आहेत, कळतंय मला. पण शेवटचं वितळतंय."

ब्रॉनविननं खाली पाहिलं. ओळीच्या टोकाला, लाल रिबिनीत, सोनेरी कागदातलं चॉकलेटचं नाणं! त्याचा तपकिरी ओघळ थेट खिशापर्यंत गेला होता.

"एडी!!"

"ते कोळ्याबद्दल," एडी छाती काढून म्हणाली. "संडासात हाताएवढा कोळी होता, बाबा टेबलावर चढला होता, आणि तू चपलेनं..."

कॉलम आभाळ न्याहाळू लागला. आजूबाजूचे लोक खो खो हसत होते.

"अगं, पण चांगल्या कोटावर कशाला? आणि इथंच कशाला?"

आता एडी चिडली. तिनं पाय आपटला. "मग कुठं लावू? कोळी तूच मारलास ना? स्वतःचं पदक डावीकडंच असतं! एवढंही माहीत नाही, आई?"

सकाळपासून अख्ख्या गावाला हेच शिकवत फिरलेली ब्रॉनविन गुपचूप गर्दीत शिरली आणि त्या रुमालवाल्या बाईला शोधू लागली.