शुद्ध इंग्रजी आणि अशुद्ध वणवा

एका जंगलात, मुलांनो, पूर्वी साध्या बैठका होत. वडाखाली जमायचं, तावातावानं भांडायचं आणि काय ते ठरवून मोकळं व्हायचं. मग तिथे एक मैना आली. शहरातल्या इंग्रजी शाळेच्या व्हरांड्यात, पिंजऱ्यात वाढलेली. तेव्हापासून बैठकीची मीटिंग झाली.

मीटिंगमध्ये बोलायचं ते इंग्रजीत. वाक्य चुकलं, तर मैनाबाई ते सुधारीपर्यंत कुणी ऐकून घ्यायचं नाही. अध्यक्ष गवासाहेबांना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नसे. म्हणून तर हा नियम त्यांनी चटकन मंजूर केला.

एकदा गिरजा सायाळ धापा टाकत मीटिंगला आली. डोंगरउतारावर वणवा लागला होता आणि वारा तिच्या बिळाकडे वळला होता. बिळात दोन पिल्लं होती, धड चालता न येणारी. गव्यांच्या कळपानं खुरांनी भोवतीचं गवत उखडलं असतं, तर आग अडली असती. एवढंच तिला मागायचं होतं.

“सर, आय हॅव कम इन द मीटिंग...” गिरजानं सुरुवात केली.

“‘इन’ नाही, ‘टू द मीटिंग’,” मैनाबाई म्हणाल्या.

“‘अ‍ॅट’ म्हणतात!” एक माकड ओरडलं. झालं, माकडांत दोन तट पडले.

“अहो बाई, आग लागलीय!” गिरजा म्हणाली; पण माकडांच्या कलकलाटात ते मैनाबाईंखेरीज कुणाला ऐकूच गेलं नाही.

“रानभाषा नको हं, गिरजाताई. चारचौघांत शोभत नाही.”

आणि गिरजा चक्क ओशाळली. मला याचाच राग येतो बघा. पोरं होरपळायची वेळ आली आणि ही बया ‘इन’ की ‘अ‍ॅट’ करत बसली! तिनं पुन्हा वाक्य जुळवलं. ते पुन्हा चुकलं. एव्हाना वडाखाली धूर यायला लागला होता.

“येस, येस. व्हेरी गुड,” गवासाहेब खोकत म्हणाले.

तेव्हा मात्र गिरजाचे सगळे काटे उभे राहिले. “अरे मेल्यांनो, माझी पोरं जळतायत! उठा की!”

कित्येक वर्षांत गवासाहेबांना मीटिंगमधलं पहिल्यांदाच काहीतरी कळलं. ते उठले, कळप धावला, गवत उखडलं गेलं. आग बिळाच्या तोंडाशी येऊन विझली. पिल्लं शिंकत बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी खास मीटिंग झाली. सभेत असभ्य भाषा वापरल्याबद्दल गिरजाच्या निषेधाचा ठराव आला. गवासाहेब म्हणाले, “येस.”

गिरजानं मान खाली घालून माफी मागितली. मग दोन्ही पिल्लांना पुढे ढकलून ती मैनाबाईंना म्हणाली, “यांना तुमच्या क्लासला घ्या, बाई. आमच्यासारखं व्हायला नको यांचं.”

तात्पर्य : जीव वाचवायचा असेल, तर आपल्या भाषेत ओरडावं. वाचलेला जीव मात्र इंग्रजी माध्यमात घालावा.