रुपचंदाच्या लाल मोटारीची चाके सरळ केल्याची बखर

शके एकोणीसशे सतरा, युव नाम संवत्सरी, जळगावचे केळीचे व्यापारी यांचे चिरंजीव, अकलेने बेताचे व हौसेने अफाट, राजमान्य राजश्री रुपचंदराव यांणी जे चक्रयुद्ध केले त्याची हकीकत साद्यंत लिहितो. लिहिताना हसू आवरावे लागते, ते आवरिले.

रावांनी मुंबईहून लाल मोटार आणिली. आसने दोन, टप नाही, बूड जमिनीला टेकते, आणि राव तीस तुरंग म्हणत. सोनगीरची यशोदा रावांची वाग्दत्त वधू. तिजला लग्नानंतर शेजारच्या आसनी बसवून जातीनिशी घरी आणीन, ऐसे वचन दिधले. मग भडगावचा गनीम पितांबर आडवा आला. त्याचीही मोटार तैसीच, आणि घमेंडही तैसीच. ठरले की नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीचे मोकळे रस्त्यांवर शर्यत करावी, आणि हरेल त्याने मुंबई-आग्रा रस्त्यावर दुसऱ्यास आजन्म साइड द्यावी. याहून मोठे राज्य उभयतांस ठाऊक नव्हते.

मग राव धुळ्यास छगन मिस्त्रीचे कारखान्यात दाखल जाहले आणि फर्माविले की मोटार शर्यतीत वळणाला चिकटावी आणि रस्त्यावर टायरही खाऊ नये. मिस्त्रीने अर्ज केला की चाके वरून आत कलती केली तर वळण साधते परंतु टायर आतून झिजते, सबब मधला कल ठेवू. मसलत मान्य जाहली. मग मिस्त्रीने चाकांचा कल मोजण्याचे यंत्र लाविले आणि डाव्या आसनाकडे पाहून तो गार पडला. तेथे रावांच्या आत्या, वजनदार वच्छलाबाई, धुळ्याच्या बाजारास म्हणून आलेल्या, पिशवीसह विराजमान होत्या.

"मी नई उतरस," आत्याबाई वदल्या. "मनं गुडघं दुखस. तुले काय करनं शे ते कर, माले हालाडू नको."

पोलादास न भिणारा छगन आत्याबाईंस भ्याला. रावही भ्याले. मग आत्याबाईंसकट मोटार मोजली, आणि आत्याबाईंसकट चाके सरळ केली.

शर्यतीचे दिवशी आत्याबाई सोनगीरला व्याह्यांकडे जाण्यासाठी सोबत आल्या आणि नरडाण्यास बाभळीखाली उतरल्या. राव एकटे फेरी मारू गेले, तो मोटार उजवीकडे ओढू लागली आणि थेट काट्यांत शिरली. शर्यत पाहावयास आलेल्या मिस्त्रीने डोके धरिले. डावीकडचे वजन उतरले, सबब सगळा मेळ उतरला! दुरुस्तीस यंत्र धुळ्यास, आणि पितांबर तर शिंग फुंकल्यासारखा हॉर्न वाजवितो. मग रावांनी भर रस्त्यात आत्याबाईंचे पाय धरिले.

"बससू," आत्याबाई म्हणाल्या, "पन मंग या चाकले कोनी हात लावाना नई. घे मनी आन."

रावांनी शपथ घेतली. अक्कल असती तर आधी विचार केला असता.

मग तुरंग सुटले. आत्याबाईंनी एका हाती पदर, दुसऱ्या हाती पिशवी धरिली, आणि मोटार सुतासारखी सरळ गेली. पितांबर वळणावर विजेसारखा पुढे निघाला. परंतु त्या शहाण्याने चाके निव्वळ शर्यतीसाठी भलती कलती करून तीच मोटार भडगावहून रस्त्याने हाकली होती. टायर आतून झिजून कागद जाहले होते. तिसऱ्या वळणी ते फुटले, गनीम खड्ड्यात नामोहरम जाहला, आणि राव शेवटच्या खांबापार गेले.

आत्याबाईंस मात्र वारा फार आवडला.

पुढे लग्न जाहले. छगनाने चाके नव्याने सरळ करण्याचा विषय काढिला, आत्याबाईंनी शपथ काढिली. सोनगीरहून जळगावास कूच जाहले तेव्हा पुढे लाल मोटार, आत रुपचंदराव व आत्याबाई. मागे धुरळा खात एसटी, आणि तीत खिडकीशी मुंडावळ्या बांधलेली यशोदा. वाटेत पितांबराने कराराप्रमाणे मोटारीस साइड दिली. मग एसटी आली, तो तिजलाही दिली. यशोदेने रुमाल हलवून त्याचे आभार मानिले. पुढच्या मोटारीकडे तिने पाहिलेही नाही.

मोटार अखेरपर्यंत रेसभरही वाकडी गेली नाही. येणेप्रमाणे रुपचंदरावांची फत्ते जाहली, ती येथे नमूद केली असे.